कशावरून ठरवलं?

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "या वेळी खेळांवर काहीतरी हलकंफुलकं द्या." मी व्हॉलीबॉल म्हटलं आणि ते खूश झाले. चेंडू हलकाच असतो म्हणा, नियमाप्रमाणे २६० ते २८० ग्रॅम. पण लिहायला बसलो तेव्हा २००७ सालच्या ऑगस्टमधली ती शनिवारची संध्याकाळ पुन्हा समोर आली. मंडळातल्या जुन्या लोकांना ती आठवत असेल. ज्या कुटुंबाबद्दल लिहितो आहे त्यांना आधी विचारलं आहे. ते म्हणाले, "लिहा ना भाऊ, त्यात काय!" त्यांच्या या मोठेपणामुळे माझं काम सोपं झालं, असं मात्र नाही.

नवीन मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. त्या काळात आपल्या भागातली पाच-सहा मराठी मंडळं मिळून उन्हाळ्यात एक व्हॉलीबॉल स्पर्धा घ्यायची. एका हायस्कूलचं जिम भाड्याने घ्यायचं, दुपारी मिसळ, संध्याकाळी अंतिम सामना आणि एक करंडक. करंडकावरचं सोनेरी पाणी दुसऱ्याच वर्षी उडालं होतं. बक्षिसाची रक्कम नाही, वर्तमानपत्रात नाव नाही. माझा अनुभव असा, की जिथे पैसा नसतो तिथे माणसं जास्त जिवावर उदार होऊन भांडतात.

२००५ साली एका मंडळाने दोन कॉलेज खेळाडू उसने आणले. दोघेही सव्वासहा फुटी, सोनेरी केसांचे, आणि मिसळ खाल्ल्यावर दोघांचेही चेहरे टोमॅटोसारखे झालेले. त्यांनी स्पर्धा एकहाती जिंकून दिली. आरडाओरडा झाला आणि नियम करायचं ठरलं. मी तेव्हा क्रीडा समितीत होतो. माझ्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहा गाळून होईपर्यंत, मी एका ओळीचा नियम लिहिला: "खेळाडू संबंधित मंडळाचा सभासद व मराठी असावा." सगळ्यांना पटला. 'मराठी' म्हणजे काय, असं कोणीही विचारलं नाही. ते काय विचारायचं, सगळ्यांना माहीतच होतं!

दोन वर्षांनी उपांत्य सामन्यात आपला संघ जिंकला. आपल्याकडून एक सतरा वर्षांचा मुलगा असा काही खेळला, की प्रत्येक स्मॅशला भिंतीवरचं घड्याळ हलत होतं. सामना संपल्यावर हरलेल्या संघाने लेखी हरकत दिली: हा मुलगा मराठी नाही. ते खरंही होतं आणि खोटंही. त्याचे वडील तेलुगू, पण जन्म, शाळा, कॉलेज सगळं नागपूरला. आई हैदराबादची. कुटुंब नऊ वर्षं मंडळाचं सभासद. मुलाने गणपतीतल्या बालनाट्यात तीन वेळा कामं केलेली, एकदा तर शिवाजी महाराजांच्या दरबारात भालदार म्हणून. खुर्च्या मांडण्यापासून कचऱ्याच्या पिशव्या बाहेर नेण्यापर्यंत बाप-लेक दोघंही हजर असायचे.

हरकतीचा निकाल द्यायला आम्ही तिघं बसलो, जिमच्या सामानाच्या खोलीत, जुन्या गाद्यांवर. आम्ही वडिलांना बोलावलं आणि विचारलं, "घरी कुठली भाषा बोलता?" ते सरळ म्हणाले, "तेलुगू." त्यांनी "मराठी" म्हटलं असतं तरी कोणाला कळणार होतं? त्यांचं मराठी माझ्यापेक्षा रसाळ आहे. खरं बोलणाऱ्याला बाहेर काढणारा आणि खोटं बोलणाऱ्याला आत घेणारा तो नियम होता, हे त्याच क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. यायला दोन दिवस लागले.

आमच्यातला एक जण म्हणाला, मुलाला खेळू द्या. दुसरा म्हणाला, नियम तो नियम. उरलो मी. म्हणजे नियम लिहिणारा, आणि वर त्याच मुलाच्या मंडळाचा. इथे हरलेल्या संघाचा कप्तान आत आला. विशीतला मुलगा, चिडलेला नव्हता. तो म्हणाला, "काका, आमचा सेटर गुजराती आहे. शेजारचाच आहे, अख्खा उन्हाळा आमच्याबरोबर प्रॅक्टिस केली त्याने. तुमचा नियम दाखवून आम्ही त्याला घरी बसवलं. आता फक्त एवढं सांगा, आम्ही मूर्ख ठरलो का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी मुलाच्या विरोधात मत दिलं. आपला संघ बाद झाला. पुढचे चार महिने मंडळातले काही लोक माझ्याशी फक्त हवामानाबद्दल बोलत होते.

मुलाने गुडघ्यांचे पॅड काढून बॅगेत ठेवले आणि मराठीत विचारलं, "काका, मग मी स्कोअर ठेवू का?" अंतिम सामन्याचे आकडे त्यानेच उलटले. त्याचे वडील निघताना माझ्याजवळ आले. "भाऊ, निकालाचं काही नाही. पण तुम्ही कशावरून ठरवलं, तेवढं सांगून द्या फक्त."

वाचकहो, या एका प्रश्नाने मला पुष्कळ वाचायला लावलं. त्यातलं थोडं सांगतो.

आपण बॉस्टनवाले ज्या खेळासाठी भांडलो, तो इथून दीड तासावरच्या होलिओक गावात जन्मला. १८९५ साली तिथल्या वायएमसीएमधल्या विल्यम मॉर्गन यांनी तो तयार केला. बास्केटबॉल तेव्हा चार वर्षांचा झाला होता, पण मध्यमवयीन व्यापारी मंडळींना ती धावपळ झेपत नव्हती. थोडक्यात, पोट सुटलेल्या माणसांसाठी काढलेला हा खेळ. नाव होतं 'मिंटोनेट'. आणि मूळ नियमांत एका बाजूला कितीही खेळाडू चालत! म्हणजे जो आला तो संघात. आता त्याच खेळाची देशभर पसरलेली हौशी संघटना आहे, तिचे प्रादेशिक विभाग आहेत, आणि माझी मुलगी क्लबकडून खेळायची तेव्हा त्या विभागाचे किती कागद भरले याची गणती नाही. जन्मतारीख कुठली, राहता कुठे, दुसऱ्या क्लबशी करार केला आहे का. कटकट होती, पण एक गोष्ट तेव्हा जाणवली नव्हती ती आता जाणवते. त्या सगळ्या कागदांत आम्ही कोण, हे कुठेही विचारलेलं नव्हतं. वयाचा नियम चौदा वर्षांच्या मुलीसमोर अठरा वर्षांची मुलगी उभी राहू नये म्हणून असतो. एकाच क्लबचा नियम पळवापळवी होऊ नये म्हणून. हे नियम खेळाची राखण करतात. माझी ती ओळ 'आपण' कोण हे ठरवायला निघाली होती. उसने खेळाडू रोखायचे होते, तर 'सभासद' या शब्दाला मुदत घातली असती तरी भागलं असतं. मी मात्र डासासाठी घराचं दारच बंद केलं, आणि घरातलाच एक जण बाहेर राहिला.

मग 'आपण' ठरवणारे नियम वाईटच असतात का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण बॉस्टनच्याच चायनाटाऊनमध्ये आहे. तिथे व्हॉलीबॉल एका बाजूला नऊ-नऊ जण खेळतात. मैदान थोडं मोठं, जागा फिरवायच्या नाहीत, आणि खेळायचं उघड्या डांबरावर. आशियात एके काळी हीच पद्धत रूढ होती, १९५८च्या टोकियो आशियाई स्पर्धेत सहा जणांच्या खेळाबरोबर नऊ जणांचाही होता. अमेरिकेत हा खेळ ग्वांगडोंग प्रांतातल्या थायशान भागातून आलेल्या चिनी माणसांनी जपला. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना या देशाचे दरवाजे बंद केले होते. तो कायदा १९४३ साली उठला, तेव्हाही वर्षाला फक्त १०५ चिनी लोकांना येण्याची मुभा मिळाली. लाँड्रीत आणि हॉटेलांत राबणारे पुरुष, बहुतेकांची बायकामुलं समुद्रापलीकडे. सुट्टीच्या दिवशी गल्लीत जाळं बांधायचं आणि खेळायचं. १९४०च्या दशकापासून त्यांची शहराशहरांमधली स्पर्धा चालत आली, लेबर डेच्या सुट्टीत, दर वर्षी वेगळ्या गावी.

त्या स्पर्धेची एक ख्यात अट आहे. मैदानावरच्या नऊपैकी किमान सहा जण पूर्ण चिनी वंशाचे हवेत, आणि उरलेलेही पूर्व किंवा आग्नेय आशियातल्या वंशाचे. २०१४ साली उर्सुला लियांग यांनी 'नाइन-मॅन' नावाचा माहितीपट केला, त्यात हा खेळही आहे आणि या अटीवरचा वादही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला धक्का बसला. वंश मोजायचा? या देशात? पण त्या माणसांच्या जागी उभं राहून पाहिलं, तर असं दिसतं की बाकी सगळी मैदानं त्यांना कुंपणाबाहेरून पाहावी लागत होती. या एका गल्लीत त्यांना कोणी बुटके म्हणत नव्हतं. ती गल्ली आपल्याकडे राहावी म्हणून त्यांनी दोरी बांधली. ज्याला सगळीकडून हाकललं, त्याने आपल्या ओट्यावर आपल्यांनाच बसवलं तर त्याला कोत्या मनाचा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही दोरी दोरीच असते. ज्या मुलाची आई चिनी आणि वडील गोरे, तो त्या गल्लीत वाढला, त्याने तिथेच चेंडू उडवायला शिकला, आणि त्याला सहांत जागा नाही, तिघांत आहे. म्हणजे अर्धा पाहुणा. पिढ्या जातात तशी अशी मुलं वाढतच जाणार. कायद्यावर उतारा म्हणून बांधलेली दोरी कायदा गेल्यावरही तशीच राहते, आणि एक दिवस ती पोटच्या पोरांच्याच पायात येते.

आणि आपलं काय? आपल्याला इथल्या मैदानांवरून कोणी कायद्याने हाकललेलं नव्हतं. आपली मुलं शाळेच्या संघात खेळतात, क्लबात खेळतात. त्यामुळे चिनी गल्लीचं समर्थन मला माझ्या ओळीला लावता येत नाही. शिवाय चिनी माणसाने वंश म्हटलं तर त्याला निदान काहीतरी अर्थ आहे. मराठी ही तर भाषा. भाषेच्या माणसांनी रक्त तपासायचं, हे म्हणजे गाणाऱ्याची परीक्षा त्याचं वजन करून घेण्यासारखं. बरं, मग भाषेचीच परीक्षा घ्यावी? त्याच वर्षी ज्या संघाने करंडक नेला, त्यात अस्सल सदाशिवपेठी आडनावाचा एक मुलगा होता. ओहायोहून शुक्रवारी रात्री विमानाने आला, सभासदत्वाचे पैसे काकाने दाराशीच भरले. त्याला मिसळीत काय काय आहे हे विचारायचं होतं, ते त्याने इंग्रजीत विचारलं. तो नियमात चोख बसत होता. आणि दुसऱ्याच्या मुलाला कशाला हसू? माझे चिरंजीव तेव्हा "आई, भूक" याच्या पुढे जात नसत. भाषेची परीक्षा ठेवली असती तर आमच्या पाच-सहा मंडळांचा मिळून एक संघ झाला असता, आणि त्यात तो तेलुगू मुलगा कप्तान असता!

आपल्याकडे हे सगळं आधी होऊन गेलं आहे. मुंबईची पंचरंगी क्रिकेट स्पर्धा आजोबांच्या तोंडून ऐकलेली असेल. हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि 'रेस्ट', म्हणजे उरलेले. १९४३च्या अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध 'रेस्ट'च्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या विजय हजारेंनी केल्या. दुसऱ्या टोकाला त्यांचे बंधू विवेक कितीतरी वेळ नुसते उभे राहिले, तीनशेच्या भागीदारीत त्यांच्या धावा २१. सांगलीचा हा माणूस, पण ख्रिस्ती, म्हणून 'उरलेला'. आणि जे आत होते त्यांचं काय? पळवणकर बाळू हे त्या काळातले सर्वोत्तम गोलंदाज, हिंदू संघाला वर्षानुवर्षं जिंकून देणारे. सुरुवातीच्या दिवसांत पुण्यात त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. कप्तानपद त्यांना कधीच मिळालं नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. म्हणजे यादीत नाव असलं तरी पंक्तीत पान मांडलेलं असतंच असं नाही. १९४० साली गांधीजींनी या स्पर्धेविरुद्ध मत दिलं तेव्हा त्यांचं म्हणणं साधारण असं होतं, की कॉलेजा-कॉलेजांतले, संस्था-संस्थांतले सामने मी समजू शकतो, धर्माधर्मांतले नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. संस्थेत माणूस आपल्या पायांनी येतो. तिथे तो काय करतो ते दिसतं, मोजता येतं. जन्म त्याने केलेला नसतो.

पण यातून त्या कप्तानाला उत्तर मिळत नाही. नियम चुकीचा होता, हे आज मी छातीवर हात ठेवून सांगतो. तरी त्याच्या मित्राला घरी बसवलं होतं, हेही खरं. चुकीचा नियम पाळून ज्याने नुकसान सोसलं, त्याच्यासमोर तोच नियम मोडणाऱ्याला जिंकू द्यायचं का?

याला तोलामोलाचा एक प्रसंग आयर्लंडमध्ये घडला. तिथल्या गेलिक खेळांच्या संघटनेचा नियम होता, की सभासदाने फुटबॉल, रग्बी असे 'परके' खेळ खेळायचे नाहीत आणि पाहायचेही नाहीत. डग्लस हाइड हे आयरिश भाषेसाठी आयुष्य घातलेले गृहस्थ, १८९३च्या गेलिक लीगचे संस्थापक, पुढे देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि या संघटनेचे आश्रयदातेही. १९३८ साली राष्ट्राध्यक्ष म्हणून ते फुटबॉलचा एक आंतरराष्ट्रीय सामना पाहायला गेले. संघटनेने त्यांना काढून टाकलं. आयरिशपण राखण्यासाठी केलेल्या नियमाने आयरिशपणाच्या सर्वांत मोठ्या राखणदारालाच बाहेर काढलं! वाचताना मी हसलो. मग त्या गावोगावच्या मुलांचा विचार आला, ज्यांनी या नियमापायी फुटबॉल सोडला होता. राष्ट्राध्यक्षांना सूट दिली असती तर त्यांना काय सांगायचं होतं? तो नियम शेवटी १९७१ साली उठला. मध्ये तेहतीस वर्षं गेली.

म्हणून माझं त्या दिवशीचं मत मी आजही बदललेलं नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही. त्या शनिवारी नियम बाजूला ठेवला असता, तर नियम पाळणारे मूर्ख ठरले असते आणि पुढच्या वर्षी कोणीच काही पाळलं नसतं. पण माझी चूक त्या शनिवारची नव्हतीच. ती दोन वर्षांपूर्वीची, चहा गाळतानाची होती. 'सगळ्यांना माहीतच आहे' असं म्हणून आपण जे शब्द मोकळे सोडतो, ते नेमके कोणीतरी हरल्यावर उघडले जातात. साखळी सामन्यांत हाच मुलगा दोनदा खेळला होता, तेव्हा तो कोण हे कोणालाही विचारावंसं वाटलं नाही.

२००८ साली आम्ही नियम नव्याने लिहिला, आणि या वेळी टेबलाभोवती अकरा माणसं होती. 'मराठी' शब्द काढला. खेळाडूचं कुटुंब स्पर्धेआधी सलग बारा महिने मंडळाचं सभासद हवं. खेळाडू एकाच मंडळाकडून खेळेल. याद्या तीस दिवस आधी, आणि हरकत पहिल्या सामन्याआधीच, नंतर नाही. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारलं, "असंच चाललं तर दहा वर्षांनी हे मराठी संघ राहतील का?" प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, बारा महिने गणपती, दिवाळी, संक्रांत, आपली नाटकं आणि आपली भाषणं सहन करून जो टिकेल, त्याला मी मराठी समजायला तयार आहे. सगळे हसले आणि ठराव मंजूर झाला. त्यांचं समाधान झालं असं मात्र मला वाटलं नाही.

सगळं मार्गी लागलं असं समजून मी स्वस्थ झालो. २००९च्या जुलैमध्ये एका मुलाचा ईमेल आला. कोल्हापूरचा, एप्रिलमध्ये इथे नोकरीला आलेला, तिकडे विद्यापीठाच्या संघातून खेळलेला. खोलीत एकटा, गाडी नाही. त्याने लिहिलं होतं, "काका, इथे कोणाशी ओळख नाही, पण व्हॉलीबॉल चांगला येतो." मी त्याला नियम कळवला. पुढच्या वर्षी नक्की ये, असंही लिहिलं. पुढच्या वर्षीपर्यंत त्याची नोकरी कॅलिफोर्नियात गेली होती. ज्याला आपल्या माणसांची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच तोंडावर माझा नवा, न्याय्य, अकरा जणांनी तपासलेला नियम आपटला होता. नंतर आम्ही बाराचे तीन महिने केले, एकट्याने आलेल्यांसाठी. त्यावरही कुरकुर झाली, की उसने खेळाडू आता मे महिन्यात सभासद होतील. झालेही दोन-तीन. होऊ दिले.

स्पर्धा पुढे काही वर्षं चालली आणि मग गुडघ्यांनी संप केल्यामुळे बंद पडली. तो मुलगा आता पस्तिशीचा आहे. कॉलेजनंतर मंडळाकडून एकदाही खेळला नाही, आणि मी का विचारलं नाही. या वर्षी गणपतीला मुलीला खांद्यावर घेऊन आला होता, आरतीत टाळ तिच्याच हातात होता.

त्याच्या वडिलांनी दोन महिन्यांपूर्वी दर वर्षीप्रमाणे सभासदत्वाचा अर्ज भरला. आपल्या अर्जावर 'मातृभाषा' असा एक रकाना आहे. कोणी, कधी, कशासाठी घातला ते ठाऊक नाही. ते तो दर वर्षी रिकामा सोडतात. खजिनदार काही विचारत नाहीत, चेक घेतात आणि पावती फाडून देतात.